गळका नळ आणि महिनाभराचं काम: एका माँटेसरी वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तीन ते सहा वयाची २६ मुलं, एक प्रशिक्षित ताई आणि एक मदतनीस ताई असा हा वर्ग. शिशुवर्ग आणि बालवर्ग इथे वेगळे नाहीत, माँटेसरी पद्धतीप्रमाणे तिन्ही वर्षांची मुलं एकत्र बसतात. सकाळी ९ ते १२ ही सलग कामाची वेळ असते. तेवढ्या वेळात घंटा होत नाही, सगळ्यांनी मिळून करायचं काही नसतं आणि डबाही ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो खातो. वर्ग, शाळा किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील इथे काढून टाकले आहेत. मुलांसाठी अ, ब, क ही अक्षरं वापरली आहेत.

कामाची वेळ सलग ठेवण्यामागे जुनं निरीक्षण आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे तीन वर्षांची एक मुलगी दट्ट्यांच्या पेटीतले (लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसणारे वेगवेगळ्या मापांचे) दट्टे काढून पुन्हा आपापल्या खाचेत बसवत होती, आणि हे तिने चाळीसहून अधिक वेळा केलं. शेजारी इतर मुलांना गाणं म्हणायला लावलं तरी ती हलली नाही. मूल एखाद्या कामात असं गढून गेलं की मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, हा नियम तिथून आला. या प्रकरणात प्रश्न असा उभा राहिला की फळीवर मांडलेलं शिकण्याचं साधन सोडून मूल भलत्याच गोष्टीत गढलं, तर तो नियम तिथेही लागू करायचा का?

अडचण

वर्गात मुलांच्या उंचीचं बेसिन आहे. त्याचा नळ गळायला लागला, साधारण दोन सेकंदांना एक थेंब. पहिल्याच सकाळी सात-आठ मुलं बेसिनपाशी जमली. ढकलाढकली झाली, लादी ओली झाली, एक मूल घसरता घसरता वाचलं. हात धुवायला आलेली मुलं रांगेत ताटकळली. गुलाबी मनोऱ्याचे, म्हणजे एकावर एक रचायचे, दहा ठोकळे चटईवर तसेच पसरलेले राहिले, मोजणीसाठीच्या सोनेरी मण्यांचं तबक अर्धवट सुटलं. शाळेच्या कार्यालयाने दुपारीच विचारलं, ‘उद्या प्लंबर पाठवू का?’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: नळ लगेच दुरुस्त करायचा, मुलं आपोआप फळ्यांकडे परततील. पाणी वाचेल, लादी कोरडी राहील. मदतनीस ताईंचं मत याच बाजूचं होतं आणि त्यात चूक काही नव्हती.

दुसरा पर्याय म्हणजे महिनाभर ‘पाणी’ हा विषय घेणं. पाण्याची गाणी, चित्रं, तक्ते, सगळ्या वर्गाला एकच धागा. पालकांना दाखवायला हे फार सोयीचं असतं. पण सात-आठ मुलांचं कुतूहल २६ जणांवर लादलं की ते कुतूहल उरत नाही, तो अभ्यासक्रम होतो. ताईंनी हा पर्याय पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. या प्रकरणातला हाच सगळ्यांत चांगला निर्णय म्हणायला हवा, कारण पुढे वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं नळाकडे फिरकलीही नाहीत.

तिसरा पर्याय: नळ ठरावीक मुदतीपर्यंत तसाच ठेवायचा, गळणारं पाणी टबात धरून वापरात आणायचं, आणि नळाला फळीवरच्या साधनाचेच नियम लावायचे. म्हणजे एका वेळी दोघांनीच तिथे काम करायचं, संपल्यावर जागा पुसायची, बाकीच्यांनी लांबून पाहायचं किंवा आपली पाळी येईपर्यंत दुसरं काम घ्यायचं. कार्यालयाशी बोलून मुदत महिनाअखेरची ठरली. हाच पर्याय निवडला.

पहिला आठवडा: नुसतं बघणं

दुसऱ्या दिवशी ताई वही घेऊन बेसिनपासून दोनेक मीटरवर वीस मिनिटं बसल्या. त्या बोलल्या नाहीत, कुणाला काही सुचवलं नाही. वहीत नोंदवायचं ते एवढंच: कोण आलं, किती वेळ थांबलं, हातांनी काय केलं, तोंडाने काय बोललं. त्या वीस मिनिटांत एक गोष्ट स्पष्ट झाली. मुलं एकाच नळापाशी होती, पण त्यांचं कुतूहल एक नव्हतं. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना थेंब बोटावर घ्यायचा होता, त्याचा आवाज ऐकायचा होता. चार वर्षांच्या ब ला थेंब पेल्यात धरायचे होते. साडेपाच वर्षांच्या अ ने ताईंना विचारलं, ‘हा रात्रीपण पडतो का?’

त्यामुळे तिघांसाठी तीन वेगळ्या गोष्टी झाल्या. लहानांसाठी शांततेचा खेळ. त्यात सगळे स्तब्ध बसतात आणि ऐकतात. एरवी बाहेरचे आवाज ऐकू येतात, आता धातूच्या वाटीवर पडणारा थेंब ऐकायचा होता. ब साठी एक ट्रे: लहान पेला, दुसरं भांडं, स्पंज आणि पुसायचं फडकं. अ च्या प्रश्नाचं उत्तर कुणीही दिलं नाही. ताईंनी फक्त विचारलं, ‘कसं कळेल?’ अ ने दुपारभर विचार केला आणि टब मागितला.

मदतनीस ताईंना ही पद्धत जड गेली. ‘थेंब का पडतो?’ असं कुणी विचारलं की त्या मायेने सांगून टाकत, ‘आतलं रबर झिजलंय ना, म्हणून.’ उत्तर बरोबर होतं, पण ते ऐकून प्रश्न विचारणारं मूल निघून जाई. तिसऱ्या दिवशी दोघींनी ठरवलं, की प्रश्न आला की उत्तराऐवजी वहीत टिपायचा.

दुसरा आठवडा: तेवीस पेले

बेसिनच्या नळाखाली बादली बसत नव्हती, म्हणून ८ लिटरचा पसरट टब ठेवला. दुपारी ४ ला ठेवलेला टब सकाळी ९ ला पाहिला तर अर्ध्याहून जास्त भरलेला. भरलेला टब मुलांना उचलवणार नाही, म्हणून मदतनीस ताईंनी तो रबरी चटईवर उतरवला. २०० मिलीचा पेला घेऊन अ आणि पावणेसहा वर्षांचा क मोजायला बसले.

पहिल्या दिवशी अ च्या मते २१ पेले झाले, क च्या मते २४. पाणी कुंड्यांना घालून झालं होतं, पडताळायला काही उरलं नव्हतं. ताईंनी हे जवळून ऐकलं आणि गप्प बसल्या. मोजणी चुकण्याची कारणं उघड होती: दोघं एकाच वेळी ओतत होते, मोठ्याने मोजताना मध्येच बोलत होते, आणि पेला कधी काठोकाठ तर कधी अर्ध्यावर भरत होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पेल्यावर अगदी काठालगत रंगीत पट्टी चिकटवली आणि सोनेरी मण्यांचा ट्रे शेजारी ठेवला. मोजायचं कसं हे सांगितलं नाही. क ने स्वतःच काम वाटून घेतलं: अ पट्टीपर्यंत पेला भरून ओतणार, प्रत्येक पेल्याला क एक सुटा मणी ठेवणार. दहा मणी झाले की ते उचलून त्या जागी दहा मण्यांची दांडी. शेवटचे दोन पेले बुडवून भरेनात, तेव्हा दोघांनी टब तिरका धरला. चटईवर राहिल्या दोन दांड्या आणि तीन सुटे मणी. पुढच्या रात्रीचं पाणीही तेवीस पेलेच भरलं. त्यानंतरच्या रात्री बाविसावर थोडं, कारण टब उशिरा ठेवला होता. हे शोधताना घड्याळ कामात आलं.

दहा सुट्या मण्यांच्या जागी एक दांडी ठेवायची ही दशकांची अदलाबदल या दोघांना आधी दाखवलेली होती, पण त्यांनी ती कधी आपणहून केली नव्हती. इथे तिची गरज पडली, म्हणून ती झाली.

मग एका सकाळी टब रिकामा. सफाईच्या मावशींनी संध्याकाळी ओतून टाकला होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अ रडवेली झाली. क म्हणाला, ‘मावशींना सांगायला पाहिजे.’ पण मावशी येतात तेव्हा मुलं घरी गेलेली असतात. ‘मग कसं सांगायचं?’ एवढंच ताई बोलल्या. या क ने दोन महिने खरकागदी (बोटाने गिरवायच्या खरखरीत) अक्षरांना हात लावणं टाळलं होतं. शब्द जुळवायची सुटी अक्षरं मांडायला बोलावलं की तो पाणी प्यायला जाई. त्या दिवशी त्याने सुट्या अक्षरांची पेटी स्वतः आणली आणि चटईवर मांडलं: ‘पानी ओतु नका’. न च्या जागी ण हवा होता, ओतू चा ऊ दीर्घ हवा होता. ताईंनी तिथे काही बदललं नाही. त्याने ते कागदावर उतरवलं, टबाला चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवशी टब जागेवर भरलेला मिळाला. न आणि ण हा फरक पुढच्या आठवड्यात खरकागदी अक्षरांच्या वेगळ्या पाठात घेतला, त्या चिठ्ठीचं नाव न काढता. मावशींना न सांगणं कुणी ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर मुलांनी ते बरोबर ओळखलं असतं.

याच आठवड्यात एक गोष्ट बिघडली. मुलांचा उत्साह पाहून ताईंनी तीन दिवसांत पाच नवे ट्रे मांडले: ड्रॉपर, गाळणी आणि नरसाळं, मोजपात्र, तरंगणाऱ्या-बुडणाऱ्या वस्तू, बेट आणि सरोवराचे साचे. भिंतीवर जलचक्राचा तक्ताही लावला. चौथ्या दिवशी नळापाशी कुणी नव्हतं. ट्रे उचलून आणले जात, पाणी इकडचं तिकडे होई आणि ट्रे परत जाई. प्रत्येक नवा ट्रे आधी नीट सादर करावा लागतो, म्हणजे कसा वापरायचा ते करून दाखवावं लागतं, एकेका मुलाला, सावकाश. पाच ट्रेंची सादरीकरणं तीन दिवसांत होऊच शकत नाहीत. शिवाय एका साधनात एकच अडचण असावी लागते. ड्रॉपर दाबणं आणि मोजपात्रावरचे आकडे वाचणं एकत्र आलं की मूल दोन्ही सोडून देतं. आणि तक्त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच टांगून ठेवलं होतं. ताईंनी शुक्रवारी दोन ट्रे ठेवून बाकी सगळं उचललं, तक्ताही. नळापाशी बाकीची मुलं पुन्हा दिसायला तीन दिवस लागले.

त्याच शुक्रवारी क ने भाकीत केलं: ‘तीन रात्री. तीन वेळा तेवीस.’ चटईवर सहा दांड्या आणि नऊ मणी मांडले गेले. टबात ४० पेल्यांपेक्षा जास्त मावत नाही हे ताईंना माहीत होतं. सांगायचं की नाही? त्यांनी सांगितलं नाही. सोमवारी ४० पेलेच भरले. क म्हणाला, चुकलं, पुन्हा मोजू. पाणी यावेळी दुसऱ्या टबात ओतलेलं होतं, म्हणून मोजता आलं. पुन्हा ४०. मग दोघं टब नळाखाली भरलेलाच ठेवून बघत बसले, आणि काठावरून पाणी बेसिनमध्ये वाहताना दिसलं. ‘किती गेलं ते कळणारच नाही,’ असं अ म्हणाली. दिवसभरही पाणी गळत होतं, हे तिसऱ्याच एका मुलाने लक्षात आणून दिलं, त्यामुळे तीन वेळा तेवीस हेही कमीच होतं.

तिसरा आठवडा: पाणी कुणी प्यायलं?

ब ने एका बशीत टबातलं थोडं पाणी ठेवलं आणि विसरला. दोन दिवसांनी बशी कोरडी. त्याचं म्हणणं ठाम होतं: रात्री कुणीतरी प्यायलं. खिडकी उघडी असते, पक्षी येतो.

इथे ‘बाष्पीभवन’ हा शब्द ताईंच्या ओठांवर होता. त्याऐवजी त्यांनी विचारलं, कुणी प्यायलं नाही हे कसं कळेल? ब ने बशीवर झाकण ठेवलं. दोन दिवसांनी पाणी जवळपास तेवढंच, झाकणाच्या आतून थेंब जमलेले. ब खूश: ‘बघा, झाकण होतं म्हणून पिता आलं नाही!’

हा या महिन्यातला सगळ्यांत अवघड क्षण. ब च्या दृष्टीने त्याचा अंदाज सिद्ध झाला होता, आणि त्याचा तर्क चुकीचा नव्हता. झाकणाने पक्षी अडतो आणि वाफही अडते, म्हणून या प्रयोगातून दोन्हीपैकी काहीही सिद्ध होत नव्हतं. ताईंसमोर तीन वाटा होत्या: समजावून सांगणं, तिथेच सोडून देणं, किंवा पक्षी अडेल पण हवा अडणार नाही असं काही पुढे करणं. तिसरी वाट घेतली. दुसऱ्या दिवशी फळीवर जाळीच्या कापडाचा तुकडा आणि रबरबँड असा ट्रे आला, आणि एक वाक्य: ‘यातून पक्ष्याची चोच जाईल का?’

पहिल्यांदा जाळी सैल बसली, मध्ये झोळ पडून पाण्याला टेकली, पाणी शोषून बशीबाहेर ठिबकलं. निकाल काहीच कळला नाही. बशीऐवजी उंच काठाची वाटी घेतली, जाळी ताणून बांधली, पाण्याच्या रेषेवर मेणखडूने खूण केली. पाणी खुणेखाली गेलं, जाळी जागच्या जागी. ब बराच वेळ वाटी फिरवून पाहत राहिला. शेवटी म्हणाला, ‘मग ते गेलं कुठं?’ त्यानंतर आठवडाभर त्याने तीन वाट्या मांडल्या: एक झाकलेली, एक जाळीची, एक उघडी. जलचक्राचा तक्ता परत लावला नाही.

या काळात काही पालकांनी विचारलं, मुलं नुसती पाण्यात खेळतात का, वहीत काही का नाही. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांची काळजी रास्त होती. त्यांना भाषण दिलं नाही. दोघा-दोघांना सकाळी वीस मिनिटं वर्गाच्या कडेला खुर्चीवर बसवलं, न बोलण्याच्या अटीवर, आणि निरीक्षणाची वही वाचायला दिली. तिघांचं समाधान झालं, एकांचं नाही.

चौथा आठवडा: दुरुस्ती

प्लंबर काकांना मुद्दाम कामाच्या वेळेत बोलावलं. चार मुलं हात मागे बांधून जवळ, बाकीची आपापल्या कामात. आधी मुख्य कॉक बंद केला, नळातून उरलेलं पाणी काही क्षण ठिबकलं आणि थांबलं. वरचा भाग फिरवून काढला, आतला झिजलेला वायसर निघाला. त्याच्यावर गोल खाच पडली होती. नवा बसवून नळ जोडला. जुना आणि नवा वायसर ट्रेमध्ये ठेवले, आणि मुलं डोळे मिटून कोणता कोणता ते बोटाने ओळखू लागली. नळाची ओढ चार-पाच दिवसांत ओसरली. ब च्या वाट्या मात्र पुढच्या महिन्यातही होत्या.

परिणाम

वहीतल्या नोंदींप्रमाणे २६ पैकी ६ मुलं नळाच्या कामात सातत्याने होती, ५ अधूनमधून. उरलेल्या १५ जणांनी शांततेचा खेळ सोडता त्यात भाग घेतला नाही, आणि त्यांची कामं नेहमीसारखी चालू राहिली. क सुटी अक्षरं आपणहून घेऊ लागला. सुरुवातीला सूचनाच लिहायचा, मग वस्तूंची नावं. अ आणि क दशकांची अदलाबदल कुणाच्या मदतीशिवाय करतात. ब चार वर्षांचा असून एकाच प्रश्नामागे दोन आठवडे होता.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. अ ची शब्दवाचनाची कार्डं तीन आठवडे फळीवरून हलली नाहीत, आणि महिना संपल्यावरही ती आपणहून त्यांच्याकडे गेली नाही. ताईंना बोलावून बसवावं लागलं. लादी ओली राहण्याचा त्रास शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नवे ट्रे आठवड्याला एक, फार तर दोन, आणि तेही मुलाने विचारलेल्या प्रश्नाला धरून. पहिल्या दिवसापासून बेसिनसमोर पाणी शोषणारी जाड चटई हवी होती. ती दुसऱ्या आठवड्यात आली. मदतनीस ताई आणि मावशी यांच्याशी आधीच बोलायला हवं होतं, जरी त्यामुळे चिठ्ठी लिहिली गेली नसती तरी. अ च्या वाचनाकडे दुसऱ्या आठवड्यातच लक्ष जायला हवं होतं: पेल्यांच्या मोजणीची नोंद तिलाच वाचायला-लिहायला देता आली असती.

नोंदीतली एक त्रुटी महागात पडू शकली असती. बशीच्या दिवशी मदतनीस ताईंनी वहीत लिहिलं होतं, ‘ब ला बाष्पीभवनाबद्दल कुतूहल’. ब ला बाष्पीभवनाबद्दल काडीचंही कुतूहल नव्हतं, त्याला चोर पकडायचा होता. ती ओळ वाचून साधनं मांडली असती तर तक्ता पुन्हा भिंतीवर आला असता. आता वहीत दोन रकाने आहेत, एकात मुलाचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात मोठ्यांचा अर्थ. पहिला भरल्याशिवाय दुसरा भरायचा नाही.

शनिवार-रविवारच्या टबाबद्दल मात्र दोघींचं एकमत झालेलं नाही. हिशेबाने साडेसतरा लिटर पाणी गळलं, टबात आठ राहिलं, साडेनऊ वाहून गेलं. ताई म्हणतात, टब भरला की मोजमाप संपतं हे मुलांना दुसऱ्या कशाने कळलं नसतं. मदतनीस ताई म्हणतात, तेच एका रात्रीत लहान भांडं ठेवूनही कळलं असतं.